गुणदर्शनमीमांसा

माणसाने आपल्या अंगचे गुण ओळखावेत आणि ते इतरांना मुक्तहस्ते वाटावेत, असा उपदेश करणाऱ्यांनी मराठी भाषेचा कौल आधी घेतलेला दिसत नाही, कारण या बाबतीत भाषेने पुरेशी सावधगिरीची सूचना देऊन ठेवलेली आहे. ‘गुण’ म्हणजे अंगभूत चांगुलपणा किंवा सामर्थ्य, हा झाला कोशातला अर्थ; परंतु शेजारचे क्रियापद बदलले की या शब्दाची वागणूकही बदलते. ‘गुण येणे’ हे औषधाविषयी म्हणतात व त्यात रोगी बरा होतो. ‘गुण मिळणे’ हे परीक्षेविषयी म्हणतात व त्यात धडधाकट विद्यार्थीही आजारी पडतो. मात्र ‘गुण दाखवणे’ आणि त्याची पुढची पायरी असलेले ‘गुण उधळणे’ हे प्रयोग कानी पडताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फुटलेली काच, शाळेतून आलेली चिठ्ठी किंवा भर पंगतीत व्याह्यांशी झालेली बोलाचाली यांखेरीज दुसरे काही उभे राहत नाही. वस्तुतः उधळणे ही देण्याची सर्वांत उदार रीत असून गुलाल आणि भंडारा यांसारख्या मंगल वस्तूच उधळल्या जातात. तरीही गुण उधळणाऱ्याच्याच पदरी दोष यावा, याचे कारण एवढेच संभवते की गुणांची देवघेव हा घेणाऱ्याच्या दृष्टीने जोखमीचा व्यवहार आहे, हे भाषेने फार पूर्वी ताडले होते.

जुन्या समाजात हा व्यवहार गाजावाजा न करता चाले. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, या म्हणीतील दोन्ही बैलांनी आपापले गुण ओळखण्यासाठी कोणतेही शिबिर केलेले नव्हते. एक दावण आणि एक रात्र एवढ्या साहित्यावर गुणांचे वाटप पूर्ण झाले. वैद्याचा ‘हातगुण’ रोग्यांना आधी कळे आणि वैद्याला मागून. ‘पायगुण’ ही तर याहून विलक्षण चीज होती, कारण ज्याच्या पायांत तो असे त्याला त्याचा पत्ताही नसे आणि शोध लावण्याचे सर्व हक्क आसपासच्या मंडळींकडे राखून ठेवलेले असत. मात्र तो शोध बहुधा नव्या सुनेच्या पायांपुरताच लावला जाई, ही त्या संशोधनाची मोठी उणीव होय. एकंदरीत, गुण ज्याचा त्याने शोधायचा नसतो, इतरांनी शोधायचा असतो, असा संकेत होता आणि तो पाळला जात असेतोवर शेजारधर्म टिकून होता.

हा संकेत मोडून गुणांच्या सार्वजनिक वाटपासाठी महाराष्ट्राने जी व्यवस्था उभी केली, तिला ‘विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम’ असे म्हणतात. शाळेचे स्नेहसंमेलन, गृहनिर्माण संस्थेचा गणेशोत्सव, गच्चीवरची कोजागरी आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळांचे सणसमारंभ ही तिची प्रमुख क्षेत्रे आहेत. नावातील तिन्ही पदे विचार करण्याजोगी आहेत. ‘विविध’ या पदाचा अर्थ, एकाच चित्रपटातील वेगवेगळी गाणी, असा घ्यावा लागतो. ‘गुण’ या पदाचा निर्णय श्रोत्यांवर सोपवलेला असतो आणि श्रोते तो मनातल्या मनात देतात. खरी गंमत ‘दर्शन’ या पदात आहे. कारण देवाच्या दर्शनाला भक्त स्वतः जातो, रांगेत उभा राहतो आणि हात जोडून पुढे सरकतो, तर येथे देव स्वतः व्यासपीठावर येऊन उभा राहतो, भक्ताला खुर्चीत बसवतो आणि तीन कडवी पूर्ण झाल्याशिवाय पुढे सरकू देत नाही.

या व्यवस्थेचे मूळ शोधताना सार्वजनिक गणेशोत्सवापर्यंत जावे लागते. पहिला सार्वजनिक गणपती कोणी बसवला या वादात शिरण्याचे येथे कारण नाही (त्या वादात शिरणे हाही पुण्यातील एक मान्यताप्राप्त कलागुण आहे). 1893 पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने उत्सवाला चळवळीचे रूप आले आणि त्याबरोबर ‘मेळे’ निघू लागले, एवढे पुरेसे आहे. मेळा म्हणजे एकसारखा वेश केलेल्या गाणाऱ्या मुलांचे पथक. ते मंडपामंडपांतून पदे म्हणत फिरे आणि देवाच्या निमित्ताने राजकारणही सांगत असे. साहजिकच या पदांवर ब्रिटिश सरकारची करडी नजर होती, आणि गुणदर्शनाच्या इतिहासात या गोष्टीला जितके महत्त्व द्यायला हवे तितके दिले गेलेले नाही. पदातील प्रत्येक शब्दाकडे कान देणारा, म्हणणाऱ्याच्या मनात नेमके काय आहे याचा कसून शोध घेणारा आणि घरी गेल्यावरही ते न विसरणारा श्रोता म्हणून त्या काळच्या गुप्त पोलिसाकडे पाहिले, तर तसा श्रोता पुढे कोणत्याही मंडपाला लाभला नाही हे कबूल करावे लागेल. स्वातंत्र्य मिळाले आणि गाणारे राहिले. टिपणे घेणारा मात्र गेला.

गाणे दरबारातून आणि कोठीवरून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणण्याचे श्रेय ज्यांना आहे, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि त्या परंपरेतून पुढे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची जी शिडी उभी राहिली, तिच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर महाराष्ट्रातील कितीतरी घरांतील एकेक व्यक्ती अजूनही उभी आहे. ‘प्रवेशिकेपर्यंत झालंय’ हे वाक्य विवाहविषयक माहितीपत्रकात आणि गुणदर्शनाच्या निवेदनात सारख्याच अभिमानाने येते. या शिडीत एकच पायरी ठेवायची राहून गेली. तानसेनाच्या जोडीला ‘कानसेन’, म्हणजे कानाने तयार असलेला श्रोता, हा शब्द मराठीत रूढ असूनही कानसेनासाठी परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही आणि त्यामुळे माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार करायचा तर राजशेखराकडे वळणे इष्ट ठरते. नवव्या शतकाच्या अखेरीस व दहाव्याच्या आरंभी कनौजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयाला असलेला हा नाटककार आपल्या पणजोबांना ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवतो, त्यामुळे त्याच्या ग्रंथातील निरीक्षणे गृहनिर्माण संस्थांना लागू पडतात याचे आश्चर्य वाटायला नको. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथाचे अठरा भाग योजलेले होते व त्यांपैकी पहिलाच आज उपलब्ध आहे; तो 1916 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून छापला गेला. या ग्रंथात तो पत्नी अवंतिसुंदरी हिची मते नावानिशी उद्धृत करतो. पत्नीचे मत ऐकून ते ग्रंथात नोंदवणे हा गुण त्याने स्वतःच्या यादीत कोठेही घातलेला नाही, आणि खऱ्या गुणाची ओळख पटवायला एवढा पुरावा बस्स आहे.

राजशेखराच्या मते प्रतिभा दोन प्रकारची असते: निर्मिती करणाऱ्याची ती ‘कारयित्री’ आणि आस्वाद घेणाऱ्याची ती ‘भावयित्री’. पैकी कारयित्रीचे तो तीन पोटभेद करतो. पूर्वजन्मीच्या संस्काराने लाभते ती ‘सहजा’, याच जन्मी खटपटीने मिळवलेली ती ‘आहार्या’ आणि मंत्रतंत्रादींच्या उपदेशाने आलेली ती ‘औपदेशिकी’. हजारभर वर्षांत या वर्गीकरणात फरक पडलेला नाही. ‘आमच्या घराण्यात गळा आहेच, आत्या रेडिओवर गायची’ असे जो सांगतो त्याची प्रतिभा सहजा होय; येथे पूर्वजन्माची जागा आत्याने घेतलेली आहे इतकेच. निवृत्तीनंतर दर शनिवारी क्लासला जाऊन जिने पाच अलंकार आणि एक भूप पदरात पाडून घेतला ती आहार्या, आणि यूट्यूबवरील तीस दिवसांत बासरी शिकवणाऱ्या चित्रफितींपैकी पहिल्या चार पाहून झालेल्या गृहस्थाची ती औपदेशिकी. तिसऱ्या प्रकारात मंत्राचा परिणाम शिष्यावर होण्याआधी वरच्या मजल्यावर होतो.

कारयित्री प्रतिभेचे आजचे मुख्य साधन ‘कराओके ट्रॅक’ हे होय. मूळ गाण्यातून गायकाचा आवाज वगळून उरलेले वाद्यसंगीत, अशी त्याची व्याख्या करता येईल. म्हणजे लता मंगेशकरांना गाण्यातून बाहेर काढून ती मोकळी जागा ‘ब’ इमारतीतील रहिवाशांना वापरायला दिलेली असते. पेटीवाला माणूस असे, त्यामुळे गाणारा घसरला की तोही घसरे, एखादी ओळ गिळली गेली की तोही ती गिळे आणि पट्टी न झेपल्यास काळी चारवरून पांढरी एकवर उतरून गाणाऱ्याची अब्रू राखत असे. ट्रॅकला अशी दयामाया नाही. तो ठरल्या क्षणी सुरू होतो आणि ठरल्या क्षणी संपतो, आणि मधल्या काळात गायक त्याच्या पुढे आहे की मागे याची चौकशी करत नाही. शब्द मोबाइलच्या पडद्यावर असल्याने दुसऱ्या अंतऱ्याला पडदा आपोआप काळोखतो. ट्रॅकही त्याच मोबाइलमधून वाजत असल्याने नेमक्या आर्त जागी कर्जाची चौकशी करणाऱ्या कंपनीचा फोन येतो व त्याची घंटी ध्वनिवर्धकातून साऱ्या आवारात घुमते. श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर संध्याकाळची पहिली खरी टवटवी या क्षणी दिसते, हे नाकारता येत नाही.

गाण्यापूर्वीचा विधी गाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. ‘आज गळा बसलाय’ हे वाक्य उच्चारल्याशिवाय माइक हाती घेणे अशिष्ट समजले जाते, आणि त्याआधी ‘नको, नको’ असे तीन वेळा म्हणणे आवश्यक असते. चौथ्या वेळी आग्रह होईल या भरवशावर तिसरा नकार दिला जातो. आग्रह करणाऱ्यांनी तिसऱ्या नकाराचा शब्दशः स्वीकार केल्यामुळे शेजाऱ्यांत निर्माण झालेला दुरावा पुढील पाणीपट्टीच्या सभेपर्यंत टिकतो. नकार देताना खिशातील पेन ड्राइव्ह चाचपण्याची क्रिया अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी.

कवींच्या बाबतीत राजशेखराने आणखी एक वर्गीकरण केलेले आहे, ते लेखनाच्या वेळेवरून. त्यातील ‘दत्तावसर’ हा, नोकरीचाकरीतून सवड मिळेल तेव्हा लिहिणारा, आणि ‘प्रायोजनिक’ हा प्रसंग येईल तसे त्यावर लिहिणारा. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कवीत हे दोन्ही प्रकार एकवटतात, कारण त्याला सवड अमर्याद असते आणि प्रसंग तर रोज उजाडतात. लिफ्टच्या उद्‌घाटनावरची अष्टाक्षरी ही या संगमाचीच निष्पत्ती. नवे काव्य एकट्यादुकट्यासमोर वाचू नये, कारण त्याने ते स्वतःचे म्हणून सांगितले तर साक्षीदार कोण, असा इशाराही या ग्रंथात दिलेला आहे. हा धोका ओळखूनच आजचा कवी आपली रचना संस्थेच्या व्हॉट्सअॅप गटावर एकदम दोनशे साक्षीदारांसमोर टाकतो, आणि आठव्या दिवशी ती रचना ‘किती सुंदर लिहिलंय, नक्की वाचा’ या शेऱ्यासह, खाली दुसऱ्याच प्रसिद्ध कवीचे नाव लावून, त्याच्याच मेव्हण्याकडून त्याला परत येते. साक्षीदार तेव्हा अंगठा दाखवतात.

मुलांचे गुण शोधण्याचे काम पालक करतात आणि ते वयाच्या चौथ्या वर्षाच्या आत उरकावे लागते, कारण पाचव्या वर्षी मुलाला नाही म्हणता येऊ लागते. या वयोगटाच्या समूहनृत्यात बारा मुले असतील तर एक नाचते, एक रडते, एक स्वतःच्या बुटांतील दिव्यांकडे पाहत राहते आणि उरलेली नाचणारीकडे पाहतात. संपूर्ण नृत्य, हावभावांसह, व्यासपीठाखाली पहिल्या रांगेपुढे उकिडव्या बसलेल्या आया करत असतात. त्या नृत्याला बक्षीस नसते. वर उभ्या असलेल्यांना मात्र प्रत्येकी एक कंपासपेटी मिळते, जी ‘उत्तेजनार्थ’ असते. उत्तेजनार्थ म्हणजे पहिल्या तिघांत न बसणाऱ्यास दिलासा म्हणून दिलेले पारितोषिक. पण संस्थेतील सर्व सदस्यांना एकाच जिन्याने घरी जायचे असल्यामुळे पहिले तीन क्रमांक जाहीर करण्याचे धाडस कोणी करत नाही व सर्वांनाच उत्तेजन दिले जाते. याउलट पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या 1963 पासून चालत आलेल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत 2022 साली परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्या निर्णयावर बरीच चर्चा झाली, परंतु ते परीक्षक स्पर्धकांच्या इमारतीत राहत नसणार हा मुद्दा तीत कोणी मांडल्याचे आढळत नाही.

सांख्य दर्शनात सत्त्व, रज आणि तम असे तीन गुण सांगितलेले आहेत आणि गुणदर्शनाच्या एका संध्याकाळी ते क्रमाने प्रकटतात. आठ वाजता अथर्वशीर्षाने सत्त्वगुण प्रवर्ततो. नऊच्या सुमारास चिटणिसांची मिमिक्री आणि कोळीगीते यांनी रजोगुण उसळतो. आणि पावणेदहाला, नावे बाकी असलेल्या सहा जणांना प्रत्येकी एकच कडवे म्हणण्याची विनंती केली जाते तेव्हा तमोगुणाचा उदय होतो. दहाची मर्यादा कायद्याची आहे. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला मनाई असून वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ती बारापर्यंत शिथिल करू शकते. हा नियम आवाजाच्या पातळीविषयी आहे व सुराविषयी त्यात अवाक्षरही नाही, ही त्याची मर्यादा मानली तरी गुणग्राहकांना एवढाच एक कायदेशीर आधार उरलेला आहे.

आता भावयित्रीकडे वळावे, कारण वाटपाला घेणारा लागतो. आस्वाद घेणाऱ्यांचे, म्हणजे ‘भावकां’चे, चार प्रकार राजशेखर नोंदवतो. ज्याला काहीच रुचत नाही तो ‘अरोचकी’. हा भावक कधीकाळी सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशींना ऐकून आलेला असतो व तेव्हापासून कान मिटून बसलेला असतो. गणपतीची आरतीसुद्धा त्याला ‘बरी’ वाटते. दुसरा ‘सतृणाभ्यवहारी’, शब्दशः गवतासकट गिळणारा, म्हणजे धान्य आणि तण यांत भेद न करता समोर येईल ते फस्त करणारा. संस्थांचा सारा डोलारा याच्यावर उभा आहे. हा गाणे संपण्यापूर्वी टाळ्या वाजवतो, गायक श्वास घेण्यासाठी थांबला तरी वाजवतो, आणि प्रत्येकाला जिन्यात गाठून ‘मस्तच झालं हं तुमचं’ असे सांगतो, त्यात ज्याचे नाव वेळेअभावी कापले गेले तोही असतो. तिसरा ‘मत्सरी’, म्हणजे दुसऱ्याचा गुण दिसत असूनही न दिसल्यासारखे करणारा. याला ओळखण्याची सोपी खूण अशी की यादीत याचे नाव पुढचे असते. गुणदर्शनाला जमलेल्या प्रौढ श्रोत्यांपैकी बहुतेकांचे नाव यादीत कोठे तरी पुढचे असतेच, आणि ज्यांचे मागे पडले ते आपला भाग उरकून घरी गेलेले असतात, त्यामुळे या वर्गाची मोजदाद वेगळी करण्याची गरज पडत नाही.

चौथा ‘तत्त्वाभिनिवेशी’. हा शब्दांची गुंफण पारखतो, रसात बुडतो, मर्म हुडकून काढतो आणि कर्त्याच्या श्रमाची किंमत जाणतो. असा भावक हजारात असलाच तर एखादा, असे राजशेखर म्हणतो. हे प्रमाण ग्राह्य धरले, तर ऐंशी सदनिका आणि दर सदनिकेत सरासरी चार माणसे असलेल्या संस्थेच्या वाट्याला एक तृतीयांशाहून किंचित कमी श्रोता येतो, आणि त्यातही तो त्या रात्री दुसऱ्या पाळीला गेलेला नसावा ही अट आहेच. एक संपूर्ण श्रोता मिळवण्यासाठी निदान चार संस्थांनी एकत्र यायला हवे. पण चार संस्था एकत्र आल्या की गाणाऱ्यांची संख्याही चौपट होते, त्यामुळे दर गायकामागे श्रोत्याचे प्रमाण तेवढेच राहते. गणिताने या पेचातून मार्ग निघत नाही.

तेव्हा उपाय उरतो तो श्रोत्याच्या गुणालाच व्यासपीठ देण्याचा. तसा ठराव एखाद्या उत्सव समितीने केला आणि पुढील वर्षी ‘उत्कृष्ट श्रोता’ अशी स्पर्धा जाहीर केली, तर तिला प्रतिसाद मिळणार नाही असे समजण्याचे कारण नाही. फलकावर सूचना लागताच पहिल्याच संध्याकाळी नावांची यादी पाठपोट भरेल, आपल्या घराण्यात ऐकणे कसे पिढ्यान्‌पिढ्या आहे हे सांगणारे चौघे जण कार्यालयाबाहेर थांबलेले दिसतील, आई कामावरून आली की तिचे ऐकणाऱ्या मुलाला लहान गटात घालावे की मोठ्या याची चौकशी होईल, आणि नाव देणारा प्रत्येक जण खालच्या आवाजात चिटणिसांना एवढेच विचारेल की व्यासपीठावर ऐकून दाखवायला किती मिनिटे मिळतील, आणि माइक कॉर्डलेस आहे ना.